अल्बिनाची बटणं

केन्ड्रिक विद्यापीठाच्या के क्लबचा स्वेटर पहिल्यांदा मांडीवर घेतला तेव्हा अल्बिना वोत्रुबा नवऱ्याला म्हणाली होती, "हा माणसाचा कपडा आहे की घोड्याची झूल?"

तिचा बाप घोड्यांचा साज शिवायचा. जाड, जड, टिकाऊ असं काही दिसलं की तिला घोडाच आठवायचा. एमिल हसला नाही. तो विद्यापीठाच्या बॉयलरखान्यात कोळसा ओढायचा आणि त्या स्वेटरवाल्या पोरांना रोज जाता-येता बघायचा. तो म्हणाला, "झूल म्हण, नाहीतर आणखी काही म्हण. ती अंगावर असली की या गावात 'तुझा बाप काय करतो' असं पोराला कुणी विचारत नाही."

पाळण्यात त्यांचा ल्युमिर झोपला होता. अल्बिनाने एकदा स्वेटरकडे पाहिलं, एकदा पाळण्याकडे पाहिलं आणि सुई ओवली.

के क्लब पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा. विद्यापीठाच्या संघातून खेळून ज्याने 'के' हे अक्षर मिळवलं, तोच त्यात. पैशाने आत जाता येत नसे, बापाच्या नावानेही नाही, निदान म्हणायला तरी. व्यायामशाळेच्या तळघरात क्लबची खोली होती. तिच्या उंबऱ्याशी जमिनीत पितळी के बसवलेला होता आणि सभासद नसलेल्याने त्यावर पाय ठेवला तर त्याला तो जिभेने नाही पण रुमालाने तरी पुसावा लागे. नवी पोरं वर्षभर हिरव्या टोप्या घालत. टोपी विसरलेल्याला कारंज्यात बुचकळायचा मान याच क्लबचा. आणि जुने सभासद कोण, तर बँकेचे मालक, न्यायाधीश, बियाण्यांच्या कंपनीचे साहेब. उन्हाळी कामं, पुढच्या नोकऱ्या, लग्नाच्या पोरीसुद्धा त्या स्वेटरच्या मागोमाग चालत येत.

स्वेटर कारखान्यातून कोरे येत. गडद किरमिजी रंग, समोरून उघडे. छातीवर अक्षर शिवणं, बाहीवर पट्टे चढवणं, काजं करणं आणि पाच मोठी बटणं लावणं हे अल्बिनाचं काम. मार्चमध्ये गठ्ठा यायचा, एप्रिलच्या आरंभी परत जायचा. आणि एप्रिल संपायच्या आत त्यातले निम्मेअधिक पुन्हा तिच्या दारात, धुवायला आणि दुरुस्तीला. चिखलाने माखलेले, नदीच्या गाळाचा वास मारणारे. कुणाची दोन बटणं गेलेली, कुणाची तीन, कुणाची सगळी.

कारण मध्ये 'नदी' झालेली असायची.

नदी म्हणजे काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नसे. स्वेटर मिळाल्यानंतरच्या रविवारी, उजाडता उजाडता, नव्या सभासदांनी जुन्या गिरणीपाशी लिटल सेडर नदीत उतरायचं, नवा स्वेटर अंगावर, आणि पोहून पलीकडे जायचं. पलीकडे जुने सभासद शेकोटी पेटवून उभे. स्वेटर घालून बाहेर आलास तर तो तुझा. स्वेटर पाण्यात सोडलास तर पुढच्या वर्षी ये. पोरं एकमेकांना विचारायची, "तुझी नदी झाली का?" आणि ज्याची झाली तो खांदे जरा रुंद करून चालायचा.

अल्बिनाला त्या सगळ्यात खुपायची ती फक्त बटणं. तिच्या हातच्या टाक्याला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं, आणि दर वर्षी ही बटणं जायची. खेळाच्या भांडाराचा आर्ची फेनर गठ्ठा आणून टाकायचा तेव्हा ती कुरकुरायची. आर्ची म्हणायचा, "पोरं आहेत, मिसेस वोत्रुबा. झोंबाझोंबी होते. तुमच्या शिवणाला कोण काय म्हणतंय?"

"मीच म्हणते," ती म्हणायची.

अशी एकोणीस-वीस वर्षं गेली. पाळण्यातला ल्युमिर मोठा झाला, त्याच विद्यापीठात गेला, कुस्ती खेळायला लागला. आता काळजी करायची तर कुस्तीत काही कमी नव्हतं. वजन उतरवायला तो दोन-दोन दिवस पाण्याचा घोट घ्यायचा नाही, बॉयलरखान्यात बापाशेजारी रबरी कपडे घालून घाम गाळायचा, डब्यात थुंकत बसायचा. त्याचे कान चेचून फुलकोबीसारखे झाले. अल्बिना त्याच्या कानांची काळजी करायची, मानेची करायची, गालफडं बसली म्हणून रडायची. आईचं हे असंच असतं. ती पुढच्या दाराशी काठी घेऊन जागत बसते, आणि मागचं दार सताड उघडं असतं.

तिसऱ्या वर्षी, एकोणीसशे पन्नासच्या मार्चमध्ये, ल्युमिरला अक्षर मिळालं.

त्या वर्षीचा गठ्ठा आला तेव्हा अल्बिनाने त्याच्या मापाचा स्वेटर वेगळा काढला आणि बाकी सगळे शिवून झाल्यावर शेवटी हातात घेतला. नेहमीचा दोरा तिला पुरेसा वाटेना. पलंगाखालच्या पेटीतून तिने बापाचा दोरा काढला, लगामाला वापरायचा तागाचा दोरा. त्याला मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढलं आणि एकेक बटण असं बसवलं की मागे चामड्याची टिकली लावून गाठ मारली. काजंही घट्ट केली, कडांना दाट टाके घालून. बटण आत सरकवायला अंगठा लावावा लागत होता.

ल्युमिर समोर बसून बघत होता. "आई, हे काय, तोफेला लावणार आहेस का?"

"तुझं एकही बटण जायचं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "त्या बँकवाल्यांच्या पोरांची जातात ना, जाऊ देत. वोत्रुबाचा पोरगा पाचही बटणं लावून बाहेर येईल. बघू दे सगळ्यांना."

"बघायला तिथे कोण, चार म्हातारे आणि एक शेकोटी."

"त्यांनीच बघायला हवं."

पाणी गार असेल, एवढं ती म्हणाली. तो म्हणाला, सगळे जातात, मी काय साखरेचा आहे? पोहता येतं का, हे तिने विचारलं नाही. विद्यापीठात प्रत्येकाला तलावाच्या चार फेऱ्या मारून दाखवाव्या लागत. ल्युमिरने त्या मारल्या होत्या, उघड्या अंगाने, कोमट पाण्यात.

रविवारी तिने पहाटेच भट्टी पेटवून कोलाचे, म्हणजे गोड पाव, केले, मध्ये खसखस भरलेले, आणि थोडे सुक्या अलुबुखाराचे, कारण ल्युमिरला ते आवडायचे. नदीनंतर सगळी पोरं कुस्तीच्या प्रशिक्षकाच्या घरी न्याहारीला जमत. तिकडे पाठवायला तिने टोपली भरली, वर स्वच्छ फडकं घातलं. नदीच्या काठाला अजून बर्फाची कड होती, हे तिने आदल्या दिवशी स्वतः पाहिलं होतं.

दार वाजलं. प्रशिक्षक दारात उभा होता, टोपी हातात. तिला वाटलं, माणूस न्याहारीचं न्यायला स्वतः आला. तिने टोपली त्याच्या हातात दिली, वर म्हणाली, "गरम आहेत, वाफ जाऊ द्या जरा."

त्याने टोपली घेतली. एका हातात टोपी, एका हातात टोपली. मग तो ती टोपली घेऊनच पायरीवर खाली बसला.

दफनाची व्यवस्था बघणाऱ्या दुकानाच्या मालकाने तिसऱ्या दिवशी स्वेटर कागदात बांधून आणून दिला. भला माणूस होता. खाली बघत म्हणाला, "माफ करा, मिसेस वोत्रुबा, मागून कापावा लागला. भिजून काजं अशी आवळली होती की बटणं निघेनात, आणि तोडावी म्हटलं तर तुटेनात."

तिने कागद उघडला. पाठ वरपासून खालपर्यंत कापलेली, आणि समोर पाचही बटणं लावलेली, जशी तिने लावून दाखवली होती तशी.

तेव्हाही तिला कळलं नाही. कळलं ते वेंडेल आला तेव्हा. वेंडेल ल्युमिरबरोबर कुस्ती खेळायचा, त्याच्या शेजारीच पाण्यात उतरला होता. तो स्वयंपाकघरात बसला आणि कॉफीला हात न लावता बोलत राहिला. पोराला कुणाशी तरी बोलायचंच होतं.

"मध्ये गेलं की लोकर पाणी पिते," तो म्हणाला. "हात वर उचलत नाहीत. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. मग सगळे तेच करतात, दोन्ही हातांनी धरून फाडायचा. बटणं उडतात, एक बाही काढायची, दुसऱ्या हाताने ओढत न्यायचा. काठ आला की पुन्हा अंगावर चढवायचा. म्हातारे बघतात, पण बोलत नाहीत. त्यांनीही तेच केलेलं असतं." त्याने हात टेबलाखाली घेतले. "ल्यू ओढत होता, मिसेस वोत्रुबा. मी बघितलं. दोन्ही हातांनी ओढत होता. त्याचा उघडतच नव्हता. मी परत वळलो, पण माझेच हात..."

"हो," अल्बिना म्हणाली. "कॉफी घे. गार होतेय."

वीस वर्षं दर एप्रिलमध्ये ती तुटलेली बटणं मोजके शिव्याशाप देत पुन्हा लावत होती. प्रत्येक तुटलेल्या बटणामागे एक पोरगा श्वासासाठी धडपडला होता आणि वाचला होता. तिच्या डोळ्यांसमोर ते दर वर्षी येऊन पडत होतं आणि तिला त्यात दिसला तो पोरांचा वांडपणा.

हे तिने एमिलला सांगितलं नाही. पुढे आठ वर्षांनी तो फुफ्फुसं कोळशाने भरून गेला, तोवर तो नदीला दोष देत होता, क्लबला देत होता, कधीकधी देवाला. त्याच्या शिव्यांमध्ये आपलं नाव नाही, हे ऐकत ती शेजारी बसून राहायची.

क्लबच्या जुन्या सभासदांचा प्रमुख रॉय स्टँडिश, बँकेवाला, फुलांचं चक्र घेऊन आला होता. ती प्रथा आता कायमची बंद, असं त्याने एमिलचा हात हातात घेऊन सांगितलं. क्लबच्या खोलीत पितळी पाटी लागली. तिच्यावर 'पोहताना अपघात' असं कोरलं होतं. स्वेटरचं काम तिने पुढेही करावं, ल्युमिरला तेच आवडलं असतं, असंही तो म्हणाला. एमिल उठून बाहेर गेला. अल्बिना म्हणाली, बघते.

पुढच्या मार्चमध्ये गठ्ठा आला आणि तिने तो शिवून दिला. एप्रिलच्या शेवटी आर्ची फेनर परत आला. तिने वरचा स्वेटर उचलून नाकाशी धरला. गाळाचा वास. खालच्याची तीन बटणं गेलेली.

आर्ची खिडकीबाहेर बघत होता.

"झोंबाझोंबी?" तिने विचारलं.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "मी भांडार सांभाळतो."

ती चांगले कपडे घालून बँकेत गेली. स्टँडिशने तिला खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि खूप हळू आवाजात समजावलं की क्लबने बंद केलंय म्हणजे केलंय, पण पोरं आपापली गेली तर कुणी पहारा ठेवायचा? आणि आता जागा बदलली आहे, पाणी उथळ आहे. मग ती डीनकडे गेली. डीन म्हणाला, "अशी कुठली प्रथा विद्यापीठात आहे असं माझ्या कानावर कधीच आलेलं नाही, बाई." तिने एक मळका स्वेटर त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो दोन बोटांनी उचलून तिच्या पिशवीत परत घातला. बॉयलरखान्यात एमिलची किती वर्षं झाली, असं त्याने जाता जाता सहज विचारलं.

आता दुसरी कुणी असती तर तिने सुई टाकून दिली असती. अल्बिनानेही टाकलीच होती, दोन दिवस. मग आर्ची बोलता बोलता म्हणून गेला की काम नको असेल तर ओमाहा शहरातला कारखाना यंत्रावर बटणं लावून द्यायला तयार आहे, पोलादी टाका, ओढून तुटत नाही म्हणे.

"मी करते," अल्बिना म्हणाली. "माझंच काम आहे ते."

त्या वर्षी एमिल कामावर गेला की ती न्हाणीघराचं दार लावायची. टबात गार पाणी भरायचं, स्वेटर अंगात घालायचा, पाचही बटणं लावायची आणि आत उतरायचं. गळ्यापर्यंत बुडून बसायचं, लोकर पाणी पिऊन जड होईपर्यंत. मग दोन्ही हातांनी ओढायचं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दात वाजताहेत, ओठ निळे, आणि छातीवरचा स्वेटर फाडते आहे. नेहमीचा दोरा, तीन वेढे: तुटायला फार वेळ. दोन वेढे: तरी बोटं बधिर झाल्यावर जड जातंय. शेवटी तिने कच्च्या टाक्यांचा दोरा घेतला, शिंपी माप धरायला घालतात आणि नंतर उसवून टाकतात तो. काजं सैल केली. कोरड्यात, सावकाश काढघाल केली तर बटण टिकायचं. जोराचा एक हिसका दिला की पाचही सुटायची.

सगळे स्वेटर तिने तसेच शिवले. पण नुसतं कच्चं शिवून भागणार नव्हतं. फारच लवकर बटणं पडायला लागली तर काम ओमाहाला जाणार, आणि ओमाहाचं बटण तुटायचं नाही. म्हणून इतकं वाईट शिवायचं की पोरगा सुटेल, आणि इतकं बरं शिवायचं की काम सुटणार नाही. त्या दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेवरून ती पुढची कितीतरी वर्षं चालली.

बोलणी बसायची ती बसलीच. नाचाच्या कार्यक्रमात एका फुटबॉलवाल्याची बटणं पोरीच्या मिठीतच उडाली, आणि गावभर हसू झालं. आर्ची म्हणाला, "मिसेस वोत्रुबा, कुणी शिंकलं तरी तुमची बटणं पडतात हो आजकाल." एक पोरगा गठ्ठा न्यायला आला तो दारातच दुसऱ्याला म्हणाला, म्हातारीचं पोर गेल्यापासून हातच चालत नाही तिचा. तिने ऐकलं. चर्चमधल्या बायका पूर्वी लग्नाचे पोशाख तिच्याकडे आणायच्या, त्या हळूहळू दुसरीकडे जायला लागल्या. साज शिवणाऱ्याची मुलगी, आणि तिचा टाका टिकत नाही! ती नवी बटणं लावून द्यायची आणि म्हणायची, "डोळे अधू झालेत."

दर एप्रिलमध्ये, तो रविवार उलटला की ती गठ्ठ्याची वाट बघायची. आला की आधी स्वेटर पोरांच्या संख्येइतके आहेत ना ते बघायची. मग बटणं. ज्याची जास्त गेलेली, तो ती जरा वेळ मांडीवर धरून बसायची.

काळ बदलला तसा क्लबही बदलला. चामड्याच्या बाह्यांची जाकिटं आली, त्यांना टिचबटणं, कारखान्यातूनच लावलेली. मग व्हिएतनामच्या वर्षांत पोरांना अक्षराचंच अप्रूप राहिलं नाही. हिरव्या टोप्या गेल्या, पितळी के वर कुणीही पाय देऊन जाऊ लागलं, आणि नदी कधी थांबली ते कुणी नीट सांगू शकत नाही. थांबवली कुणीच नाही. पोरं यायची बंद झाली.

क्लबला पासष्ट वर्षं झाली तेव्हा मोठी मेजवानी ठेवली होती. जुन्या कामगारांनाही बोलावणं होतं. अल्बिना गेली. क्लबच्या इतिहासाची छोटी पुस्तिका प्रत्येक ताटाजवळ ठेवली होती. त्यात ल्युमिरवर एक ओळ होती: एकोणीसशे पन्नासमध्ये एक सभासद पोहताना बुडाला. नाव नव्हतं. 'वोत्रुबा बटणां'वर मात्र चांगला परिच्छेद होता. सूत्रसंचालकाने तो मोठ्याने वाचला, नाचातल्या त्या फुटबॉलवाल्याचा किस्सा रंगवून सांगितला आणि तिला उभं राहायला लावलं. दोनशे माणसं हसली, मग टाळ्या वाजवल्या, प्रेमाने. ती उभी राहिली आणि खाली बसली.

तिच्या शेजारचा माणूस हसला नव्हता. डेल ओस्टर त्याचं नाव, गुराढोरांचा डॉक्टर, चाळिशी ओलांडलेला. टाळ्या संपल्यावर तो म्हणाला, "तुम्ही ते मुद्दाम करायचात. हो ना?"

"माझे डोळे अधू झाले होते."

"सत्तावन्न साली मी खाली गेलो होतो," तो म्हणाला. "तळाचा चिखल पायाला लागला. एक हिसका दिला, बस. मला अजून हाताला आठवतं ते." त्याने दोन्ही मुठी छातीशी नेऊन दाखवल्या. "माझी तीन मुलं आहेत, मिसेस वोत्रुबा."

तिने त्याच्या मुठींकडे पाहिलं. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. पण हो म्हटलं की तो विचारणार, तुम्हाला कसं सुचलं? आणि त्याचं उत्तर तिने एमिललासुद्धा दिलं नव्हतं.

"पाचही गेली का?" तिने विचारलं.

"पाचही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे लोणी सरकवलं.

घरी येऊन तिने पलंगाखालची पेटी ओढली. कागद इतक्यांदा उघडमीट करून मऊ पडला होता. स्वेटर मांडीवर घेतला, डेल ओस्टरने दाखवलं तसं दोन्ही मुठींनी समोरून धरला आणि हिसका दिला. मग पुन्हा, सगळा जोर लावून, बोटांच्या पेरांत कळ येईपर्यंत.

लोकरीला कसर लागली होती, अक्षराचा रंग उडाला होता. बापाचा दोरा तसाच होता. एकही बटण हललं नाही.